उंची ठरते कुठे? कूर्चापेशींचे संदेशरेणू आणि लांबवलेलं पिकणं

मधुमालती (धागाकर्ती)

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या घरी मुलगी झाली. तिला अकॉन्ड्रोप्लाझिया आहे, म्हणजे हातपाय आखूड, धड नेहमीच्या मापाचं, कपाळ जरा पुढे आलेलं. बारशाला जमलेल्या बायकांनी त्या बाळंतिणीला काय काय विचारलं! ग्रहणात चिरलं-कापलं होतंस का, कॅल्शियमच्या गोळ्या बुडवल्यास का, सातव्या महिन्यापर्यंत स्कूटर कशाला चालवलीस. ती मान खाली घालून ऐकत होती. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ऊतीशास्त्र शिकवते. ग्रोथ प्लेटची काचपट्टी दर वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली लावते. त्या आईची बाजू मांडणं मला माझं काम वाटतं, म्हणून हा धागा. थोडा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

हाड वाढतं कुठे, इथपासून सुरुवात करू. 1727 साली स्टीफन हेल्स यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोकं पाडली आणि पिलू मोठं झाल्यावर पुन्हा मोजलं. भोकांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, हाड मात्र लांब झालं. म्हणजे लांबी मधून येत नाही, टोकांकडून येते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे कार्टिलेजची, एक पातळ पट्टी असते, तीच ग्रोथ प्लेट. मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याजवळच्या एकाच पट्टीतून होते.

या पट्टीत पेशींचे थर असतात. सगळ्यात वर राखीव पेशी. त्याखाली भराभर विभागणाऱ्या चपट्या पेशी, नाण्यांची चळत रचावी तशा एकावर एक. आणखी खाली गेलं की पेशी विभागणं थांबवते आणि फुगू लागते. तिचं आकारमान दहापट किंवा त्याहूनही वाढतं. कूर्चेतलं नेहमीचं प्रथिन, टाइप 2 कोलॅजन, बनवणं ती कमी करते, टाइप 10 बनवू लागते. भोवतालच्या भागात कॅल्शियमचे क्षार बसतात, पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून रक्तवाहिन्यांना बोलावून घेते आणि त्या जागी हाड तयार होतं. लांबीतला मोठा वाटा या फुगण्यातूनच येतो. फुगलेल्या सगळ्याच पेशी शेवटी मरतात असं बराच काळ मानलं जाई. 2014 मध्ये उंदरांच्या पेशींवर खुणा करून पाहिलं, तेव्हा त्यातल्या काही हाड घडवणाऱ्या पेशी होतात हे दिसलं.

आता खरा प्रश्न. चळतीतल्या पेशीने कधी पिकायचं, म्हणजे विभागणं थांबवून फुगायला कधी लागायचं? लवकर पिकली तर ती विभागणाऱ्यांतून कायमची बाहेर पडते, चळत तोकडी राहते, हाड आखूड होतं. पिकलीच नाही तर कूर्चेचं हाड होत नाही. पेशींनी पिकावं, पण सगळ्यांनी एकदम पिकू नये, हे सांभाळणारे रेणू पेशी स्वतःच सोडतात.

त्यातली मुख्य जोडी 1996 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकातल्या दोन शोधनिबंधांनी समोर आणली. पिकायला नुकत्याच निघालेल्या पेशी इंडियन हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. ते हाडाच्या टोकाकडे पोहोचतं आणि तिथल्या पेशींना पीटीएचआरपी नावाचं दुसरं प्रथिन बनवायला लावतं. पीटीएचआरपी खाली उतरून विभागणाऱ्या पेशींना धरून ठेवतं: अजून थांब, अजून विभाग. पीटीएचआरपीच्या टप्प्याबाहेर सरकलेली पेशीच पिकायला लागते, आणि पिकायला लागली की ती स्वतः हेजहॉग सोडते. म्हणजे जी निघाली, तीच मागच्यांना थांबवण्याची व्यवस्था करून जाते. हा भाग वर्गात सांगताना मला दर वर्षी तितकंच नवल वाटतं.

पीटीएचआरपी सापडलं ते हाडांच्या अभ्यासात नव्हे, कॅन्सरच्या. काही गाठी असलेल्या रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं, ते का, हे शोधताना 1987 मध्ये ते हाती लागलं. 1994 मध्ये ज्यांच्यात हे प्रथिनच नाही असे उंदीर तयार केले गेले. ते आखूड पायांचे जन्मले आणि लगेच मेले, कारण त्यांच्या कूर्चापेशी घाईने पिकून गेल्या होत्या.

आता त्या मुलीचं. विभागणीला आवर घालणारा एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन, कूर्चापेशींवर असतो, एफजीएफआर-3. तो असणं योग्यच आहे. तो नसलेल्या उंदरांची हाडं प्रमाणाबाहेर लांब होतात. अकॉन्ड्रोप्लाझियामध्ये हा रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त चालू राहतो. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 380 व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन येतं, डीएनएतलं एकच अक्षर बदलल्यामुळे. 1994 मध्ये हे सापडलं, आणि 98 टक्क्यांहून जास्त रुग्णांत हाच एक बदल आढळतो. अकॉन्ड्रोप्लाझिया असलेल्या मुलांपैकी सुमारे 80 टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल त्या बाळापासूनच सुरू झालेला असतो.

ग्रहण, गोळ्या, स्कूटर, यातल्या कशाचाही त्या अक्षराशी संबंध नाही. गर्भ राहिला त्या क्षणीच ते अक्षर बदललेलं होतं.

सुरसागर

ताई, फार नीट लिहिलंत. एक शंका. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात असं शाळेत शिकलो होतो. मग हेजहॉग एवढं अंतर जातं कसं? आणि योग्य ठिकाणी थांबतं कसं?

मधुमालती

रक्तवाहिन्या नसतात हे बरोबर. रेणू पेशींमधल्या गरातून झिरपत जातो. पण तो मोकळा वाहत नाही. पेशींच्या पृष्ठभागावर आणि गरात हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्यांना चिकटत, सुटत तो पुढे सरकतो. कुठे किती साचणार हे त्यावर ठरतं.

याचा माणसातला पुरावा असा. या साखळ्या बनवणारं ईएक्सटी-1 किंवा ईएक्सटी-2 जनुक बिघडलं की गुडघा, खांदा, मनगट यांच्या जवळ कूर्चेचं टोपण असलेल्या हाडाच्या गाठी येतात. घरात पिढ्यानपिढ्या चालणारा हा आजार आहे. संदेश नको तिथे पोहोचला की नको तिथे ग्रोथ प्लेटसारखी वाढ सुरू होते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अलकापुरीकर

माझा मुलगा दहावीला आहे, वर्गात सगळ्यात बुटका. बारला लटकणं चालू आहे, एक पावडरही आणलीये, डब्यावर उंच मुलाचा फोटो आहे. बायको म्हणते अजून वाढेल. खरंच वाढेल का?

मधुमालती

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या डाव्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये आहे, डब्यावर नाही. त्यावरून हाडांचं वय कळतं. पट्ट्या उघड्या असतील तर उंची वाढेल. मुलींच्या पट्ट्या साधारण चौदा-पंधराला आणि मुलांच्या सोळा-सतराला मिटतात, पण उशिरा वयात येणारी मुलं पुष्कळ असतात. तुम्ही स्वतः कॉलेजात गेल्यावर वाढला होतात का, हे डॉक्टर विचारतील, तेव्हा आठवून ठेवा.

लटकल्याने मणक्यांमधल्या चकत्या थोड्या वेळापुरत्या सैल होतात, ग्रोथ प्लेटवर काही होत नाही. पावडरीतल्या प्रथिनाने पोषण कमी असलेल्या मुलाला फायदा होईल, बाकीच्यांना ते डाळ-भात, दूध, अंडी यांतून मिळतंच.

पट्ट्या मिटवतं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन, मुलग्यांमध्येसुद्धा. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश वाचताच येत नव्हता. उंची 204 सेंटिमीटर, हाडांचं वय 15, पट्ट्या उघड्या, आणि तो तेव्हाही वाढतच होता. मुलग्यांच्या हाडांची वाढ टेस्टोस्टेरॉन थांबवतं हा समज या एका माणसामुळे बदलला.

लेकीचीआई

मी वाघोडिया रोडला राहते. माझ्या मुलीला अकॉन्ड्रोप्लाझिया आहे, ती आता चौथीत आहे. हे मला तिच्या जन्मानंतर पहिल्या महिन्यात वाचायला मिळालं असतं तर! मला सासूबाईंनी काही म्हटलं नाही, उलट त्याच पाठीशी उभ्या राहिल्या. बाहेरच्यांनी मात्र खूप ऐकवलं. एका दवाखान्यात ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करू म्हणाले, खर्चाचा आकडा सांगितला, जनुकीय तपासणीचं नावही काढलं नाही. आम्ही थांबलो आणि मोठ्या शहरात जनुकतज्ज्ञांना दाखवलं, ते बरं झालं.

नव्या आईला माझ्याकडून एवढं सांगा. बाळाला लवकर बसवू नका. मान, पाठ यांचे स्नायू सैल असतात, डोकं मोठं असतं, आधाराशिवाय बसवलं की पाठीला बाक येतो. आमच्याकडे घोडियूत, म्हणजे कापडी झोळीच्या पाळण्यात, निजवायची पद्धत आहे, तिथेही पाठ गोल होते; डॉक्टरांना विचारूनच ठेवा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं दिसलं तर झोपेची तपासणी मागून घ्या. कान वारंवार फुटतात, ऐकू कमी येऊन बोलणं मागे पडतं. आम्ही त्यासाठी कानात बारीक नळ्या बसवून घेतल्या.

मला विचारायचं होतं ते त्या नव्या इंजेक्शनबद्दल. ते यात कुठे बसतं?

मधुमालती

ताई, तुमचा प्रतिसाद मी त्या घरी वाचून दाखवणार आहे.

एफजीएफआर-3 पेशीच्या आत एक संदेशसाखळी चालवतो, तिला मॅप कायनेज म्हणतात. त्याच साखळीला शरीरात एक नैसर्गिक विरोधक आहे, सीएनपी नावाचं छोटं पेप्टाइड. ते वेगळ्या रिसेप्टरवर बसतं आणि आतून ही साखळी मधल्या कडीशी अडवतं. रक्तात ते काही मिनिटांतच नष्ट होतं, म्हणून जास्त टिकणारं रूप तयार केलं गेलं, त्याचं नाव व्होसोरिटाइड. रोज त्वचेखाली इंजेक्शन द्यावं लागतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 5 ते 18 वयाची 121 मुलं होती. वर्षभरात औषध घेणाऱ्यांची वाढ, न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 1.57 सेंटिमीटर जास्त झाली. 2021 मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. पट्ट्या उघड्या असेपर्यंतच त्याचा उपयोग.

दीड सेंटिमीटर ऐकून कुणी नाराज होऊ नये आणि कुणी भुलूही नये. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यामुळे उलट दिशेचा शरीराचाच रेणू वापरता आला. ग्रोथ हार्मोनचं तसं नाही. या मुलांमध्ये त्या हार्मोनची कमतरता नसते. ते देऊन आवर सुटत नाही. घ्यायचं की नाही हे जनुकतज्ज्ञ आणि मुलांच्या हार्मोन्सचे डॉक्टर यांच्याशी बोलून ठरवा.

फिजिओताई

लेकीचीआई म्हणाल्या ते पाठीचं शंभर टक्के खरं. आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. पहिल्या दोन वर्षांत कवटीच्या तळाचं भोक, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, ते या मुलांत अरुंद असू शकतं. कवटीचा तळही कूर्चेतूनच घडतो, त्यामुळे तिथेही तोच बिघाड. बाळ सुस्त वाटलं, श्वास थांबत असला, पाय ताठ होत असले तर वाट पाहू नका.

मोठ्या मुलांना पोहणं, सायकल उत्तम. ट्रॅम्पोलिन, कुस्ती, कोलांट्या नकोत.

लेकीचीआई

आणि गरबा? नवरात्रात तिला घरात थांबवणं कुणालाही जमत नाही.

फिजिओताई

खेळू द्या की! बडोद्यात राहून गरबा नाही म्हणजे काय. गर्दीच्या आतल्या फेऱ्यात धक्काबुक्की होते तिथे नको, बाहेरच्या किंवा मुलांच्या फेऱ्यात खेळू दे. मध्ये मध्ये बसायला सांगा. पाय बधिर होतात, पुढे वाकून किंवा उकिडवं बसल्यावर बरं वाटतं असं ती सांगू लागली तर मणक्यातली जागा तपासायला हवी. हे बहुतेकदा मोठेपणी दिसतं, पण लक्ष असू द्या.

रावपुऱ्याचे आजोबा

मुलीनो, तुमचं सगळं वाचतोय. माझे गुडघे झिजले आहेत. कूर्चा झिजली म्हणतात. तिथे या पेशी पुन्हा तरुण करता येत नाहीत का?

मधुमालती

काका, सांध्याच्या पृष्ठभागावरची कूर्चा वेगळी. तिथल्या पेशींचं काम जन्मभर न पिकता राहणं. झिजेच्या संधिवातात मात्र त्यातल्या काही पेशी ग्रोथ प्लेटमधल्या पेशींच्या वाटेने जाऊ लागतात: टाइप 10 कोलॅजन बनवतात, एमएमपी-13 नावाचं विकर सोडतात, आणि ते टाइप 2 कोलॅजन कापतं. म्हणजे जिथे पिकायचंच नाही तिथे पिकणं सुरू होतं. हे एकमेव कारण नाही. वजन, जुनी इजा, वय, सांध्यातला दाह हे सगळं असतं.

मूळपेशींपासून प्रयोगशाळेत कूर्चा बनवतानाही हीच अडचण येते. टीजीएफ-बीटा नावाचा संदेशरेणू देऊन पेशी कूर्चेच्या मार्गाला लागतात, पण पुढे थांबत नाहीत, फुगायला लागतात. त्यांना कच्चं ठेवण्यासाठी पीटीएचआरपीसारखे रेणू वापरून पाहणं चालू आहे. दवाखान्यात घेता येईल असं त्यातून अजून आलेलं नाही. तुमच्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कमाटीबागेत सकाळी सपाट रस्त्याने फिरा, चढ टाळा.

रावपुऱ्याचे आजोबा

बरं. कमाटीबागेत जातोच. उद्यापासून व्यायामही.

एमएस्सी_भाग२

मॅम, थोडी भर घालू का? आम्हाला या वर्षी हे आहे.

पेशीच्या आत दोन प्रथिनं जनुकं चालू-बंद करतात. सॉक्स-9 पेशीला कूर्चापेशी बनवतं आणि तशीच ठेवतं, रन्क्स-2 तिला पिकवतं. पीटीएचआरपीचा संदेश आत आला की एचडीएसी-4 नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन पिकवणाऱ्या जनुकांना दाबतं. सॉक्स-9 ची एक प्रत बिघडली की कॅम्पोमेलिक डिसप्लाझिया, हाडं वाकडी. रन्क्स-2 ची एक प्रत बिघडली की गळपट्टीची हाडं अपुरी राहतात, टाळू उशिरा भरते. बीएमपी आणि वेंट हे रेणूही पिकण्याच्या बाजूने ढकलतात. बीएमपीचा पाया 1965 चा: मार्शल युरिस्ट यांनी खनिजं काढलेलं हाड स्नायूत ठेवलं आणि तिथे नवं हाड तयार झालं.

माझा प्रश्न: पीटीएचआरपी पेशींना थांबवून वाढ टिकवतं, तर ते जास्त असलं की माणूस उंच व्हायला हवा. जान्सेन आजारात त्याचा रिसेप्टर सतत चालू असतो, तरी ती माणसं बुटकी का?

मधुमालती

छान प्रश्न, आणि भरही चांगली घातलीस.

जान्सेनमधला बिघाड 1995 मध्ये कळला. रिसेप्टरला कुणी संदेश दिला नाही तरी तो चालूच. पेशी थांबलेल्याच राहतात, पिकत नाहीत, आणि फुगणं झालं नाही तर लांबी येणार कुठून? वर मी म्हटलं होतं की लांबीतला मोठा वाटा फुगण्याचा आहे, तो इथे कामाला येतो. हाच रिसेप्टर रक्तातलं कॅल्शियमही सांभाळतो, म्हणून त्यांचं कॅल्शियम वाढलेलं असतं. उलट टोकाला ब्लोमस्ट्रँड आजार: रिसेप्टर चालतच नाही, पेशी घाईने पिकतात, हाडं प्रमाणाबाहेर घट्ट आणि आखूड होतात, बाळ जगत नाही. दोन्हींत हातपाय आखूड, पण काचपट्टीवर चित्र अगदी उलटं.

हेजहॉगचंही उदाहरण लक्षात ठेव. बोटांची मधली पेरं आखूड असलेलं एक घराणं 1903 मध्ये अभ्यासलं गेलं. माणसात मेंडेलच्या नियमाने प्रबळ गुण म्हणून चालणारी ती पहिली ओळखलेली गोष्ट. त्या प्रकाराचं जनुक 2001 मध्ये सापडलं, तेच इंडियन हेजहॉग.

सुरसागर

मग कॅल्शियम कमी पडल्याने हाडं वाकतात, तो मुडदूस यात कुठे? बारशाच्या बायकांना नेमकं काय सांगायचं?

मधुमालती

मुडदुसात पेशी पिकतात, फुगतात, पण पुढे सरकत नाहीत. त्यांना तिथून जायला फॉस्फेट लागतं. ड जीवनसत्त्व कमी असलं की रक्तातलं फॉस्फेटही खाली येतं. फुगलेल्या पेशी साठत जातात, पट्टी जाड आणि मऊ होते, मनगटं रुंद दिसतात, चालायला लागलं की पाय वाकतात. उपचार केले की एक्स-रेमध्ये पट्टी पुन्हा पूर्ववत होताना दिसते. अकॉन्ड्रोप्लाझियात तसं काही साठलेलं नसतं, चळतीच तोकड्या असतात. त्यामुळे कॅल्शियमच्या कितीही गोळ्या दिल्या तरी फरक पडणार नाही. ड जीवनसत्त्व बाकी बाळांना देतात तेवढं द्यायचं.

बारशाच्या बायकांना मी सांगितलं ते असं: आई-बाबा दोघांची उंची सर्वसाधारण असेल तर पुढच्या मुलात हे पुन्हा येण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी असते. मुलीची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. ती मोठी होऊन आई झाली, तर तिच्या प्रत्येक मुलात हे येण्याची शक्यता निम्मी. आणि बदललेलं अक्षर जवळपास नेहमी वडिलांकडच्या शुक्रपेशीत तयार होतं, त्यांचं वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते.

लेकीचीआई

हे शेवटचं वडिलांना सांगताना जपून सांगा ताई. आमच्याकडे ह्यांनी ते स्वतःला फार लावून घेतलं होतं.

मधुमालती

हो, तिथे मी थांबूनच बोलले. शुक्रपेशी रोज कोट्यवधी तयार होतात, प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते, आणि कुठलं अक्षर चुकावं हे कुणाच्या हातात नसतं. तिशीतल्या वडिलांच्या मुलांतही हे होतं. तिच्या बाबांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो झोपेच्या तपासणीचा. त्यांना तुमचा प्रतिसाद दाखवते. तुमची हरकत नसेल तर मला व्यक्तिगत निरोपात लिहा, दोन्ही घरांची गाठ घालून देते.